रंग बघायला दाराबाहेर

अमेरिकेहून आलेल्या बाईला मिरजेत दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, "काय काय आणलंत?" आणि दुसरा, "तिकडं जेवणाचं कसं हो?" परत आल्यापासून मी दोन्हींची उत्तरं देते आहे. आणलेल्या वस्तू दाखवते, जेवणाच्या गमती सांगते. पण जी वस्तू मला सगळ्यात महाग पडली आणि जे जेवण मला अजून आठवतं, ती दोन्ही एकाच दिवसाची आहेत, आणि तो दिवस मी कुणाला नीट सांगितलेला नाही. सांगायला बसले की जीभ अडखळते. लिहिताना निदान समोर कुणाचा चेहरा नसतो.

शहाऐंशी सालचा उन्हाळा. माझी मुलगी वैशाली टेक्ससमध्ये शुगर लँड नावाच्या गावी राहते. तिचं पहिलं बाळंतपण करायला मी गेले होते. शाळेतून बिनपगारी रजा काढली आणि ह्यांना शेजारच्या खाणावळीच्या हवाली केलं. गावाचं नाव ऐकून मी जाण्याआधीच खूश होते. साखरेचं गाव म्हणजे आपल्यासारखंच असणार. तिथं साखरेचा जुना कारखाना आहे खरा, पण मळीचा वास नाही, उसाच्या गाड्या नाहीत, रस्त्यात पडलेलं कांडं उचलून पळणारी पोरं नाहीत. मुळात रस्त्यात माणूसच नाही. सारखी घरं, सारखी हिरवळ, आणि हिरवळीवर आपोआप उडणारं पाणी. हवा मात्र कोकणातल्या मे महिन्यासारखी. दार उघडलं की ओलं फडकं तोंडावर टाकल्यासारखं वाटतं.

घरात माझी दोन महिने तारांबळ चालली होती. डिंकाचे लाडू झाले, हळिवाची खीर झाली. बाळाला ओव्याची धुरी द्यायला गेले, तर छताला लावलेलं एक यंत्र असं केकाटलं की बाळ, बाळंतीण आणि मी तिघी एकदम रडायच्या बेतात आलो. जावई श्रीकांत धावत आले आणि खुर्चीवर चढून त्यांनी ते बंद केलं. तेव्हापासून धुरी बंद.

श्रीकांतराव तेलाच्या कंपनीत इंजिनियर आहेत. त्या वर्षी तेलाचे भाव कोसळले होते आणि ह्यूस्टनमध्ये रोज कुणाची ना कुणाची नोकरी जात होती. जेवताना ते फारसं बोलत नसत, पण फोन वाजला की त्यांचा घास हातात थांबायचा. मला कळत होतं. त्यामुळे आपल्याकडून त्यांना काडीचाही त्रास होऊ नये, एवढं मी मनाशी धरलं होतं.

एका शुक्रवारी वैशाली म्हणाली, "आई, उद्या तुझा डे ऑफ."

"म्हणजे काय?"

"म्हणजे उद्या तू किचनमध्ये पाऊल टाकायचं नाहीस. श्रीकांत घरी आहे, तो बाळाला बघेल. तू मॉलमध्ये जा, मस्त शॉपिंग कर, बाहेर जेव. एकटी."

आईला सुट्टी असते ही कल्पनाच मला नवी. त्यात एकटीनं बाहेर जेवायचं! बाई एकटी हॉटेलात शिरली तर आमच्याकडं वेटर आधी दाराकडं बघतो, मागून कोण येतंय म्हणून. पण खरं सांगते, मनातून मला उकळ्या फुटत होत्या. दोन महिन्यांत मी एकदाही गरम अन्न खाल्लं नव्हतं. बाळंतिणीला वाढायचं, जावयांना वाढायचं, बाळ रडलं की उठायचं. माझं ताट नेहमी गार.

दुकान

शनिवारी सकाळी श्रीकांतरावांनी मला मॉलच्या दाराशी सोडलं. "आई, टेन्शन घेऊ नका. इथेच, या दारापाशी, चार वाजता पिक अप करतो. काही लागलं तर फोन करा." वैशालीनं घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी माझ्या पर्समध्ये टाचणीनं टोचून ठेवली होती. पहिलीतल्या पोरीसारखी.

मॉलला लागूनच एक भलंमोठं स्वस्ताईचं दुकान होतं. दारात लाल अक्षरांत सेलची पाटी. आत थंडी अशी की अंगावर काटा यावा. वस्तूंचे डोंगर, आणि राखणीला कुणी नाही. हात लावा, उलटवा, नाकाला लावून बघा, कुणी "वहिनी, घ्यायचंय का नुसतं बघायचंय?" म्हणून विचारत नाही. मी पहिला तासभर नुसती सुखानं हिंडले. नेलकटर घेतले, बॉलपेनं घेतली, शाळेतल्या बायकांना वाटायला साबणाच्या वड्या घेतल्या. चादरींच्या विभागात एका गोऱ्या मुलीशी घासाघीस करून पाहिली. "टू बेडशीट्स, लेस प्राइस?" ती बिचारी गोंधळली. किंमत कागदावर छापलेली आहे, हे तिनं मला दोनदा बोटानं दाखवलं, मला आकडे वाचता येत नसावेत अशा काळजीनं.

मागच्या बाजूला उरलेल्या गरम कपड्यांची रांग होती. भर उन्हाळ्यात स्वेटर कोण घेणार, म्हणून कवडीमोल लावलेले. तिथं मला ह्यांच्यासाठी एक स्वेटर सापडला. मऊ लोकर, पुढं बटणं, बरोबर मापाचा. रंग मरून वाटत होता. ह्यांना मरून आवडतो. पण ट्यूबलाइटच्या उजेडावर मी आयुष्यात विश्वास ठेवलेला नाही. मिरजेत आम्ही साडी घेतो तेव्हा दुकानदार स्वतःच म्हणतो, "वहिनी, बाहेर उजेडात नेऊन बघा, मग ठरवा." आम्ही पायरीवर जातो, पदर उन्हात धरतो, दोघी-तिघी माना तिरक्या करून बघतो आणि मग आत येतो. यात कुणाला काही वाटत नाही.

मी सामानाचा ढकलगाडा तिथंच ठेवला, स्वेटर हातावर टाकला आणि सरळ दाराबाहेर गेले.

पुढचं एका क्षणात झालं. दारातून पाय बाहेर पडतो तोच माझ्या डोक्यावर घंटा वाजायला लागली. मला आधी वाटलं, कुठंतरी आग लागली. मी उन्हात स्वेटर धरून वर बघत उभी. तेवढ्यात गणवेशातला एक उंच माणूस धावत आला आणि माझ्या समोर आडवा उभा राहिला. "मॅम, स्टेप बॅक इनसाइड."

"कलर," मी म्हटलं. "ओन्ली कलर."

"इनसाइड, मॅम."

मी पाचवीला इंग्रजी शिकवते. व्याकरण चांगलं आहे माझं. पण त्या क्षणी एक क्रियापद तोंडातून फुटेल तर शपथ. त्यानं माझ्या कोपराला हात लावला. परक्या पुरुषानं, भर लोकांत. आम्ही आत वळलो आणि बिलाच्या रांगांमधली सगळी डोकी आमच्याकडं वळली. लहान मुलं, म्हातारे, गाड्यात बसवलेली बाळं. माझी नऊवारी नव्हे, साधी पाचवारी वॉयलची साडी, पण त्या दुकानात साडी नेसलेली मी एकटीच. चोर ओळखायला आणखी खूण कशाला हवी?

आणि तिसऱ्या रांगेत मला मालतीताई दिसल्या.

या मालतीताई म्हणजे मूळच्या नागपूरच्या डॉक्टर. वीसेक वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इकडं आलेल्या. शुगर लँडच्या मराठी घरांत त्यांचा शब्द शेवटचा. वैशालीच्या बाळंतपणात दवाखान्यात त्या रात्रभर तिच्या उशाशी होत्या. पंधरवड्यापूर्वीच आम्ही त्यांच्याकडं जेवलो होतो, आणि माझ्या हातचं गोडं वरण खायला आमच्याकडं यायचं, असं त्यांनी मला वचन दिलं होतं. आपलं माणूस! माझा जीव भांड्यात पडला. मी हाक मारायला तोंड उघडलं. आमची नजरानजर झाली, स्वच्छ, दोन हातांवरून.

मालतीताईंनी मान फिरवली. बाजूच्या मासिकांच्या फळीवरून एक मासिक घेतलं आणि उघडून त्यात बघायला लागल्या.

माझ्या तोंडातली हाक तोंडातच राहिली.

मला मागच्या एका लहान खोलीत नेलं. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. थोड्या वेळानं व्यवस्थापक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी त्या माणसाला खूण केली आणि त्यानं माझी कापडी पिशवी टेबलावर उलटी केली.

पिशवीत काय होतं, ते सांगायलाच हवं. रुमाल, पाण्याची लहान बाटली, डोकेदुखीच्या गोळ्या, कागदात बांधलेला चिवडा. आणि पाकिटं. हॅम्बर्गरच्या दुकानात बटाट्याच्या काड्यांबरोबर टोमॅटो सॉसची छोटी पाकिटं फुकट मिळतात, साखरेची मिळतात, मिठाची मिळतात. मोठी मौजेची वस्तू. दोन महिन्यांत जिथं जिथं गेलो तिथून मी ती जमवत होते, मिरजेला पोरींना दाखवायला. शिवाय धुऊन ठेवलेले प्लास्टिकचे चमचे. त्या माणसानं ती सगळी पाकिटं टेबलावर एकाशेजारी एक मांडायला सुरुवात केली. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. सवयच असेल. व्यवस्थापक बाईंनी एक साखरेचं पाकीट उचललं, बघितलं, पुन्हा ठेवलं, आणि माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. कीव होती. स्वेटर मी चोरला नव्हता, त्यामुळे त्याबद्दल भीती वाटली तरी लाज वाटत नव्हती. लाज वाटली ती त्या फुकटच्या पाकिटांची. वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला, चमच्यांसकट, पोटात घ्यावं.

पर्समधली चिठ्ठी त्या माणसाला सापडली. "शॅल वी कॉल धिस नंबर?"

तेव्हा मात्र माझी जीभ सुटली. "नो! प्लीज, नो फोन. सन-इन-लॉ. माय सन-इन-लॉ इज देअर."

फोन गेला तर श्रीकांतराव येणार. सासू चोरी करताना सापडली म्हणून तिला सोडवायला येणार. पोलिस झाले तर त्यांचं नाव लागणार, आणि कंपनीत आधीच ही वेळ. व्यवस्थापक बाई "सन-इन-लॉ" ऐकून थबकल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनाही एक असावा.

मी उठले, स्वेटर हातात घेतला आणि वरच्या दिव्याखाली धरला. "सी. हिअर, मरून." मग मागच्या बंद दाराकडं बोट केलं. "सनलाइट. प्लीज. कम." तो माणूस पुढं झाला, पण बाईंनी त्याला थांबवलं. किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी ते दार उघडलं. बाहेर खोक्यांचे ढीग आणि रणरणतं ऊन. मी उंबऱ्यावर उभी राहून स्वेटर उन्हात धरला.

तपकिरी. साफ तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा.

बाई बाहेर आल्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, स्वेटर उन्हात धरला, मग आत नेला, पुन्हा बाहेर आणला. "वेल," त्या म्हणाल्या, "इट इज ब्राउन." आणि त्या हसल्या. माझ्याबरोबर हसल्या, माझ्यावर नाही, पण मला हसू आलं नाही. त्या "सॉरी फॉर द ट्रबल" म्हणाल्या आणि माझी पाकिटं स्वतःच्या हातानं पिशवीत भरायला लागल्या. मी त्यांना "थँक यू" म्हटलं. त्या माणसालाही म्हटलं. ज्यांनी माझी पिशवी उलटी केली त्यांचेच मी आभार मानून आले, आणि हे आठवलं की आजही माझे कान तापतात.

आणि तो तपकिरी स्वेटर मी विकत घेतला. नको असताना. न घेता बाहेर पडले असते तर बघणाऱ्यांना काय वाटलं असतं? बिलाच्या रांगेत माझ्यापुढं आणि मागं जरा जास्तच जागा मोकळी राहिली होती. मालतीताई गेल्या होत्या.

जेवण

चार वाजायला पुष्कळ वेळ होता. मॉलमध्ये एका बाकावर बसले. रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती भूक. चांगली सणसणीत. एवढी अब्रू गेल्यावर माणसाला भूक लागावी, याचीही मला लाज वाटली. पण पोटाला लाज नसते.

मॉलच्या टोकाला एक कॅफेटेरिया होता. ताट घ्यायचं, रांगेनं सरकायचं, काचेमागच्या बायकांना काय हवं ते सांगायचं. माझ्या पुढ्यातली जाडजूड बाई म्हणाली, "व्हॉट कॅन आय गेट यू, हनी?" सकाळपासून कुणी माझ्याशी गोड बोललं नव्हतं. मी प्रत्येक पदार्थाकडं बोट करून "मीट?" विचारत गेले. चवळी दिसली, हरखले, पण तिच्यात डुकराचं मांस घातलेलं निघालं. मग एका भांड्यात माझी नजर अडकली. भेंडी! गोल चिरून, मक्याच्या पिठात घोळवून तळलेली. त्या बाईनं मोठा डाव भरून वाढली. शिवाय लोणी लावलेला मक्याचा पाव, कुस्करलेला बटाटा, लाल भोपळ्यासारखी एक भाजी आणि पीचचा पाय, म्हणजे पिठाच्या पारीत फळाचं गोड सारण भरून भाजलेला एक पदार्थ.

खिडकीशी एकटीचं टेबल धरलं. पाठ लोकांकडं केली. पहिली भेंडी तोंडात टाकली तर जीभ भाजली. भाजली, याचाच आनंद झाला. गरम! कुणाला वाढायचं नाही, कुणी हाक मारणार नाही, "आई, मीठ कुठंय" नाही. बाहेर शेकडो गाड्या उन्हात तळपत होत्या आणि मी एकेक भेंडी बोटानं उचलून खात होते. मक्याचा पाव आपल्या भाकरीचा दूरचा, जरा लाडावलेला भाऊ लागला. बटाट्यात मिरी घातली, लिंबू मागून आणलं आणि पिळलं. आईच्या घरून निघाल्यापासून माझ्या मनाजोगतं, माझ्या वेगानं जेवलेलं हे पहिलं जेवण असेल. खोटं का सांगू, त्या खोलीतलं सगळं माझ्या अंगावर तसंच होतं, आणि तरी मी सुखात जेवत होते.

"बसू का?"

मराठीत. मी वर बघितलं. मालतीताई. हातात ताट, ताटात नुसता सॅलडचा बाऊल. लिपस्टिक पुसट झालेली.

मी खुर्ची पुढं केली नाही. त्या उभ्याच राहिल्या.

"मी तुम्हाला तिथं पाहिलं," त्या म्हणाल्या.

"मीही तुम्हाला पाहिलं."

"गाडीत जाऊन बसले होते. निघता येईना. परत आत गेले, तर म्हणाले, ती लेडी गेली. मॉलभर शोधलं तुम्हाला." त्यांनी ताटाची कड घट्ट धरली होती. "सुमनताई, इथं आपल्यातल्या एकानं काही केलं ना, की सगळ्यांवर येतं. वीस वर्षं मी हेच बघतेय. हॉस्पिटलमध्ये नवीन लोक माझ्याकडे बघतात, तेव्हा…"

"मी काही केलं नव्हतं."

"नाही. हो. मला माहीत आहे."

"आत्ता माहीत आहे. तेव्हा?"

खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या सज्जन बाई. "तेव्हा वाटलं," त्या म्हणाल्या. "वाटलं, घेतलं असेल."

माझ्या हातचं जेवायचं वचन देणारी बाई. पोरीच्या उशाशी रात्रभर जागलेली. तिला वाटलं, मी घेतलं असेल.

"मालतीताई," मी म्हटलं, आणि माझा आवाज शाळेतल्या आवाजासारखा निघाला, "राग मानू नका. पण हे जेवण मला एकटीला संपवायचंय."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला विसरता येत नाही. त्यांनी मान हलवली, "ऑफ कोर्स" म्हणाल्या, आणि ताट घेऊन पार पलीकडच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी गेल्या. एवढ्या मोठ्या दालनात दोन मराठी बायका, एकमेकींकडं पाठ करून. मी काट्यानं पीचच्या पायचा तुकडा तोंडात घातला. पीच गोड होता, पीठ खुसखुशीत होतं, हे मला कळत होतं. पण चव लागेना. वळून बघितलं तर त्या सॅलडला हातही न लावता चष्मा पुसत होत्या. उठून जावं असं मनात आलं. पण उठले नाही. लाज आणि राग एकत्र आले की कोण पुढं आणि कोण मागं, ते माणसाला ठरवता येत नाही.

चार वाजता दारापाशी गेले, तर त्याही त्याच दारानं निघालेल्या. आणि नेमकी श्रीकांतरावांची गाडी येऊन थांबली.

"अरे, मालतीकाकू!" श्रीकांतराव उतरले. "व्हॉट अ सरप्राइज! तुम्ही दोघी एकत्रच होतात की काय?"

मालतीताईंनी माझ्याकडं बघितलं. त्या सांगणार होत्या, सगळं, मला दिसत होतं. ओठ हललेसुद्धा.

"हो तर," मी म्हटलं. "एकत्रच जेवलो."

मालतीताईंनी मान खाली घातली. गाडीत श्रीकांतराव खुशीत होते. "बघा आई, उगाच घाबरत होतात. इथे कुठेही जा, आपलं माणूस भेटतंच यार." जावई सासूला यार म्हणाले, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं आणि त्यांनी जीभ चावली. मी हसले. कुणाला झाकलं मी, मालतीताईंना की मला स्वतःला, तेच कळत नव्हतं.

सोमवार आणि पुढचा रविवार

सोमवारी सकाळी मी बाळाला तेल लावत होते. वैशालीनं फोन ठेवला आणि माझ्यापाशी येऊन बसली.

"मालतीकाकूंचा फोन. रविवारी बारशाला जमणार नाही म्हणतात. ड्यूटी आहे म्हणे. आई, परवा तर तुम्ही एकत्र जेवलात. काही झालं का?"

मी बाळाच्या पायावर तेल जिरवत राहिले. मग सांगितलं. स्वेटर, घंटा, खोली, पाकिटं, सगळं. मालतीताई रांगेत होत्या, तेवढं सोडून. त्या नंतर भेटल्या, असं म्हटलं. वाटलं होतं, पोरगी हसेल. किंवा "आई, अगं दाराबाहेर कशाला गेलीस!" म्हणून चिडेल. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, टेक्ससला यायच्या आधी मी ओहायोत असताना," ती म्हणाली, "पहिल्या हिवाळ्यात, दुकानातून बाहेर पडताना मला थांबवलं होतं. मी अंगात कोट घातला होता, बाबांनी शिवून दिलेला. ते म्हणाले, हा आमचा आहे, काढ. मी दारात, त्या थंडीत, काढून दिला. त्यांनी आत लेबल शोधलं. मिरजेच्या शिंप्यानं शिवलेल्या कोटाला लेबल कुठलं असणार? बराच वेळ उभं केलं मला."

तो कोट ह्यांनी दोनदा उसवून पुन्हा शिवून घेतला होता, बाही लांब झाली म्हणून. अमेरिकेतल्या एकाही फोटोत तो दिसत नाही, अशी ह्यांची कायमची तक्रार.

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? बाबांनी केवढ्या हौसेनं शिवून घेतला होता." तिनं बाळाची मूठ उघडली, मिटली. "तू तरी मला कुठं सांगणार होतीस?"

मी तेलाचे हात पुसले आणि तिला म्हटलं, "मालतीताईंचा नंबर लावून दे."

फोनवर आम्ही दोघी जेमतेम बोललो. मी म्हटलं, "बारशाला या." त्या म्हणाल्या, "सुमनताई, नको." मी म्हटलं, "मुलीच्या उशाशी तुम्ही होतात. पाळण्याशीही तुम्हीच हव्यात." मग "बरं" एवढंच.

रविवारी घर माणसांनी भरलं होतं. पाळणा तिथल्या मंडळींचा सामाईक, ज्याच्या घरी बाळ त्याच्या घरी जाणारा. वैशालीनं त्याला झेंडू न मिळाल्यामुळं कागदाची फुलं लावली होती. पोरं इंग्रजीत ओरडत जिने चढत-उतरत होती. मालतीताई उशिरा आल्या, साडी नेसून. त्यांना साडीत मी पहिल्यांदाच बघितलं. स्वयंपाकघरात न येता त्या बायकांच्या मागं भिंतीशी उभ्या राहिल्या.

बाळाला पाळण्याखालून-वरून द्यायची वेळ झाली. एका बाजूला मी बसले. दुसऱ्या बाजूला कोण, म्हणून बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. "मालतीताई," मी हाक मारली. या वेळी ती तोंडाबाहेर पडली. त्या पुढं आल्या आणि पाळण्यापलीकडं खाली बसल्या.

मी बाळाला पाळण्याखाली धरलं. "कुणी गोविंद घ्या," मी म्हटलं.

"कुणी गोपाळ घ्या," त्या म्हणाल्या. त्यांनी बाळाखाली हात घातले, आणि त्यांचे हात माझ्या हातांवर आले. थंडगार होते. त्यांनी वर बघितलं नाही. मीही नाही. दोघी बाळाकडंच बघत होतो. त्यांच्या हातांना नीट वजन लागलं, याची खात्री होईपर्यंत मी माझे हात तसेच ठेवले, आणि मग काढून घेतले.